छप्पर, फरशी आणि वारा : क्रॉफर्ड मार्केटचा अभ्यास

मे महिन्यात सकाळी सातच्या सुमाराला क्रॉफर्ड मार्केटच्या कोपऱ्यावरच्या कमानीतून आत शिरलं की आधी पेंढ्याचा वास येतो आणि मग हापूसचा. पेटीची फळी खिळ्यातून उचकटल्याचा आवाज, पाटीवाल्यांच्या ‘बाजू, बाजू’च्या हाका, ओल्या फरशीवर चपलांची चपचप. मी वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांना घेऊन इथे कित्येक वर्षं येते. पहिल्या दिवशी त्यांना एकच काम असतं : कमानीखाली उभं राहायचं आणि किती माणसं मान वर करून बघतात ते मोजायचं. तासाभरात क्वचितच कुणी वर बघतं. एका फळवाल्या काकांना मुलांनी विचारलं तेव्हा ते म्हणाले, “वर बघायला फुरसत कुणाला आहे बाळांनो? पण या छपराखाली माझा माल रस्त्यापेक्षा एक दिवस जास्त टिकतो, एवढं मला ठाऊक आहे.”

एक दिवस जास्त. या इमारतीबद्दल मी वाचलेल्या कौतुकापेक्षा हे वाक्य मला जास्त मोलाचं वाटतं. कारण क्रॉफर्ड मार्केटबद्दल लिहिताना सगळे बाहेरून सुरुवात करतात. युरोपातल्या जुन्या चर्चच्या धर्तीच्या गॉथिक कमानी, घड्याळाचा मनोरा, दगडातली शिल्पं. दुकानांसाठी बांधलेल्या इमारतीचा अभ्यास मात्र मालापासून करावा लागतो. माल कुठून येतो, कुठे ठेवतात, कशाने नासतो, कचरा कुठे जातो. या प्रश्नांची उत्तरं देता देता जी इमारत उभी राहिली, तिला नंतर दगडी चेहरा मिळाला. आज तिच्या दुरुस्तीची चर्चा चेहऱ्यापाशीच घोटाळते, म्हणून हा सगळा प्रपंच.

जागेची निवड

१८६०च्या दशकातली मुंबई डोळ्यांसमोर आणायला हवी. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे इंग्लंडच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या कारकिर्दीत किल्ल्याचा तट पाडला गेला आणि तटाभोवतीची मोकळी जागा शहराच्या हाती आली. १८६५मध्ये युद्ध संपलं, कापसाचा भाव कोसळला आणि सट्ट्यात बुडालेल्यांनी हाय खाल्ली. त्याच वर्षी नव्या कायद्याने मुंबईला पहिला म्युनिसिपल कमिशनर मिळाला : आर्थर क्रॉफर्ड.

क्रॉफर्ड धडाक्याचा माणूस होता. गटारं, रस्ते, कत्तलखाने, बाजार, सगळ्यालाच त्याने हात घातला. त्या काळी भाजी, फळं, मांस आणि मासळी यांचे बाजार दाट वस्तीत, अरुंद गल्ल्यांत, उघड्या गटारांच्या कडेला भरत. नव्या बाजारासाठी निवडलेली जागा पाहिली की या माणसाचा हिशेब कळतो. दक्षिणेला फोर्ट, उत्तरेला गजबजलेली देशी वस्ती, आणि हा कोपरा बरोबर दोहोंच्या सांध्यावर. साहेबाचा खानसामा एका बाजूने येणार, भुलेश्वर-काळबादेवीकडची गिऱ्हाइकं दुसऱ्या बाजूने. समोर जे. जे. कलाशाळेचं आवार. आजही दादाभाई नौरोजी रस्ता आणि लोकमान्य टिळक मार्ग जिथे मिळतात त्या नाक्यावर उभं राहून दोन्हीकडे नजर टाकली, तर शहराची दोन वेगवेगळी तोंडं दिसतात. बाजारपेठेच्या इमारतीचा निम्मा आराखडा जागा ठरताना ठरून जातो असं मी मुलांना सांगते, आणि त्याला याहून चांगलं उदाहरण मला मुंबईत सापडलेलं नाही.

आराखडा

वास्तुरचनाकार विल्यम इमर्सन. जन्म १८४३चा, म्हणजे १८६९मध्ये इमारत पूर्ण झाली तेव्हा पंचवीस-सव्वीस वर्षांचा तरुण. विल्यम बर्जेस या इंग्लिश गॉथिकच्या मोठ्या वास्तुरचनाकाराचा तो शिष्य. कलाशाळेच्या इमारतीसाठी बर्जेसने केलेले आराखडे घेऊन तो मुंबईत आला होता. पुढे अलाहाबादचं म्यूर कॉलेज आणि कोलकात्याचं व्हिक्टोरिया मेमोरियल त्याने रचलं, ब्रिटिश वास्तुरचनाकारांच्या संस्थेचा तो अध्यक्षही झाला. पण त्याची सगळ्यात उपयोगी पडलेली इमारत ही मंडईच, असं माझं मत आहे. व्हिक्टोरिया मेमोरियल बघायला जावं लागतं. इथे रोज लोक कोथिंबीर घ्यायला येतात.

बोरीबंदरचं स्टेशन अजून जवळजवळ वीस वर्षं दूर होतं, राजाबाई टॉवरही व्हायचा होता. त्यांच्या आधीच ही गॉथिक शैली या नाक्यावर उभी राहिली, आणि तीही राजवाड्यासाठी किंवा प्रार्थनास्थळासाठी नव्हे, भाजीपाल्यासाठी.

आराखडा साधा आहे. कोपऱ्यावर मधला मोठा दिवाणखाना, त्याला तीन दारं, वर १२८ फूट उंच घड्याळाचा मनोरा. त्याच्या दोन बाजूंना दोन पाखं, म्हणजे इमारतीचे दोन लांब हात, पण सारखी नाहीत. उजवीकडचं १५० फूट लांब आणि १०० फूट रुंद, फळांसाठी आणि फुलांसाठी. डावीकडचं तेवढंच रुंद पण ३५० फूट लांब, भाजी, मसाले आणि इतर मालासाठी. मागे बाग, बागेत कारंजं, आणि त्यापलीकडे मांस-मासळीच्या वेगळ्या शेड.

पाखांच्या या विषम लांबीवर मी मुलांना बराच वेळ थांबवते. कागदावर इमारत काढणाऱ्याला दोन्ही बाजू सारख्या ठेवण्याचा मोह होतो. इमर्सनने तो मोह आवरला, कारण शहर फळं जितकी खातं त्याच्या कितीतरी पट भाजी आणि किराणा माल खातं. समोरून पाहणाऱ्याला तोल साधल्यासारखा वाटतो तो मनोऱ्यामुळे. कोपऱ्यावरच्या उंच खुंटीला दोन वेगवेगळ्या लांबीची पाखं अडकवली आहेत, एवढीच कल्पना. मांस-मासळी बागेपलीकडे नेण्यातही तीच समज दिसते. वास आणि माश्या तर दूर राहिल्याच, पण मांसाहाराच्या आसपासही न फिरकणारं गिऱ्हाईक या शहरात फार मोठं आहे. त्याला समोरच्या दाराने आत येऊन, भाजी घेऊन, समोरूनच बाहेर पडता यायला हवं. ही समज नियमावलीतून येत नाही. बाजारात उभं राहून ती मिळते.

छपराखाली

आता आतल्या गोष्टीकडे येते, कारण माझा जीव तिथे अडकलेला आहे.

बाहेरून दगड असला तरी आतला सांगाडा लोखंडाचा आहे. खांब आणि त्यांवर कैच्या, म्हणजे छप्पर पेलणारे तिकोनी सांगाडे. दगडी भिंतींवर एवढी रुंद जागा झाकायची तर मध्ये जाडजूड दगडी खांबांची गर्दी झाली असती आणि दर खांबामागे एक अंधारा कोपरा तयार झाला असता. अंधाऱ्या कोपऱ्यात माल विकला जात नाही, नासतो. लोखंडाचे खांब बारीक असल्यामुळे नजर आरपार जाते. गिऱ्हाइकाला दारातून शेवटचा गाळा दिसतो, आणि बाजारात हे फार महत्त्वाचं. दिसलं तर पाय तिकडे वळतात.

छप्पर उंच आणि उतरतं. मुंबईत पावसाळ्यात दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाणी पडतं, म्हणून उतार तीव्र आणि पन्हळी मोठ्या. पण उंचीचं खरं कारण उकाडा आहे. शेकडो माणसं, ओला पाला, पिकायला लागलेली फळं, या सगळ्यांतून ऊब आणि दमट वाफ निघत राहते. उंच छपराखाली ती वर चढते आणि माथ्याजवळच्या उघड्या फटींतून निघून जाते. तिची जागा घ्यायला बाजूच्या कमानींतून बाहेरची हवा आत येते. वरून येणारा उजेडही थेट ऊन न पाडता पसरतो. उन्हाचा पट्टा पालकाच्या जुडीवर पडला तर दुपारपर्यंत ती गेलीच म्हणून समजा.

हे सगळं तोंडी सांगून मुलांना पटत नाही. म्हणून आम्ही उदबत्त्या घेऊन जातो. दुरुस्ती सुरू होण्याच्या आधीच्या एका वर्षी तसा खेळ केला. मोकळ्या वाटेवर, मधल्या भागात उदबत्ती धरली की धूर थोडा रेंगाळायचा आणि मग सरळ वर जायचा. पोटमाळ्याखाली धरली की धूर तिथेच चेहऱ्याभोवती घुटमळायचा. गाळ्यांवर गाळेवाल्यांनी वर्षानुवर्षं साठवणीसाठी पोटमाळे चढवले होते. त्यावर खोकी, खोक्यांवर ताडपत्री, मग वायरींचे जुडगे. मूळ इमारतीने हवेसाठी राखलेली उंची मालाने खाऊन टाकली होती. एका मुलीने मोजमापाच्या कागदावर फक्त धुराच्या रेषा काढल्या होत्या. आमच्या सगळ्या आराखड्यांत तो कागद मला सर्वांत खरा वाटला.

गाळेवाल्यांना यात दोष देणं सोपं आहे. मला ते मान्य नाही. हातभर रुंदीच्या ओट्यावर आज जेवढ्या जातींचा माल ठेवावा लागतो, तेवढा १८६९मध्ये नव्हता. डबाबंद पदार्थ, आयात केलेली फळं, केक सजवायचं सामान, प्लॅस्टिकचे डबे, हे सगळं ओट्यावर मावत नाही आणि गोदामाला जवळपास जागा नाही. माणूस मग वर जातो. साठवणीची सोय न करता पोटमाळे काढायला लावले, तर वर्षभरात ते परत चढतील.

पायाखाली

फरशी स्कॉटलंडच्या उत्तर टोकावरच्या केथनेसची. वाचणाऱ्याला हे नुसतं साहेबी थाट वाटेल. दगडांच्या मुंबईत एवढ्या लांबून दगड कशाला आणायचा? केथनेसचा दगड थराथरांचा असतो, त्याच्या सपाट, पातळ लाद्या सहज निघतात. तो पाणी फारसं पीत नाही, झिजायला चिवट असतो, आणि ओला झाला तरी पाय चटकन सरकत नाही. डोक्यावर पाटी घेतलेल्या माणसाला पायाखाली बघता येत नाही, त्यामुळे मंडईत या तीन गुणांपलीकडे फरशीकडून काही मागायचं उरत नाही. आपल्याकडचा काळा बसाल्ट मजबूत आहे, पण त्याच्या अशा सपाट लाद्या निघत नाहीत, टाकीने घडवाव्या लागतात.

पुढे जिथे जिथे लादी फुटली तिथे सिमेंट ओतलं गेलं, काही ठिकाणी गुळगुळीत टाइल बसल्या. पाटीवाला कुठून चालतो ते एक दिवस बघत बसा. त्याचा पाय जुनी लादी शोधतो. हे मी मुलांना सांगितलं नव्हतं, त्यांनीच येऊन मला सांगितलं.

चेहरा

आता दगडाकडे. भिंती कुर्ल्याच्या फिकट पिवळसर दगडाच्या, सजावटीला वसईचा लालसर दगड. म्हणजे फरशीचा दगड समुद्रापलीकडून आला, तरी भिंतींचा दगड हाकेच्या अंतरावरचा आहे. दोन रंगांचा हा खेळ पावसाने भिंत ओली झाल्यावर जास्त उठून दिसतो. जुलैत अवश्य बघावा.

दारावरच्या कमानींतली उठावाची शिल्पं जॉन लॉकवूड किपलिंग यांची. १८६५मध्ये ते समोरच्या कलाशाळेत शिल्पकलेचे शिक्षक म्हणून आले आणि रस्त्यापलीकडे हे काम मिळालं. त्यांनी देवदूत कोरले नाहीत, राजाराणीही नाहीत. शेतात राबणारी इथली माणसं कोरली. कापणी, ओझी, वाकलेल्या पाठी. बाजाराच्या दारावर माल पिकवणाऱ्याला बसवावं, आणि तेही त्याच्या स्वतःच्या कपड्यांत, ही गोष्ट त्या काळात सहज सुचण्यासारखी नव्हती. मागच्या बागेतल्या कारंज्याची रचना इमर्सनची आणि त्यावरचं कोरीवकाम किपलिंगचं, पशुपक्ष्यांनी भरलेलं. १८६०पासून विहार तलावाचं पाणी नळाने शहरात येऊ लागलं होतं, म्हणून बाजारात कारंजं बांधण्याची चैन करता आली. नंतर कारंज्यावर भडक तैलरंगांचे थर चढत गेले आणि त्यातलं पाणी थांबलं.

या चेहऱ्याचं फार मोठं नुकसान चांगल्या हेतूने झालं. जुन्या दगडी भिंतींमध्ये चुना असतो. दगडात शिरलेली ओल चुन्याच्या सांध्यांतून हळूहळू बाहेर पडते. सांधे भुसभुशीत झाले की कुणीतरी त्यांत सिमेंटचा गिलावा भरतो. तो दिसायला पक्का, पण ओल अडवणारा. मग ओल दगडातून वाट काढते, सोबत क्षार आणते आणि दगडाचा पापुद्रा सुटतो. मऊ, रंगीत, कोरलेला दगड आधी जातो, म्हणजे नेमकं जे जपायचं तेच. हा प्रकार महाराष्ट्रातल्या वाड्यांत, देवळांत, शाळांच्या जुन्या इमारतींत सगळीकडे बघायला मिळतो. तुमच्या गावात जुन्या दगडी भिंतीला कुणी सिमेंट लावत असेल तर कृपा करून थांबवा.

विजेचे दिवे

मुंबईत विजेचा उजेड पहिल्यांदा १८८२मध्ये पडला तो याच बाजारात. ईस्टर्न इलेक्ट्रिक लाइट अँड पॉवर कंपनीने दिवे लावले. पुढच्याच वर्षी कंपनी बुडाली आणि बाजार परत गॅसच्या दिव्यांवर आला. नवं तंत्र आधी कुठे आजमावायचं असा प्रश्न आला तेव्हा शहराने बाजार निवडला, हे मला आवडतं.

खर्च आणि नाव

क्रॉफर्डच्या सगळ्या कामांचा मिळून खर्च इतका वाढला की १८७१मध्ये करदात्यांनी उठाव केला, आणि १८७२च्या कायद्याने निवडून आलेल्या सभासदांसह महानगरपालिका आली. मुंबईच्या स्थानिक स्वराज्याच्या गोष्टीत या मंडईच्या दगडविटाही आहेत. पुढे १८८८मध्ये मामलेदारांकडून पैसे घेतल्याच्या प्रकरणात हाच क्रॉफर्ड अडकला. त्यात भरडल्या गेलेल्या मामलेदारांची बाजू लोकमान्य टिळकांनी लावून धरली. आज बाजारासमोरून जाणाऱ्या रस्त्याला टिळकांचं नाव आहे.

बाजाराला नाव महात्मा जोतीराव फुले यांचं. पुण्याच्या नगरपालिकेचे सभासद असताना जोतीरावांनी नव्या मंडईवर होणाऱ्या खर्चाला विरोध केला होता, तो पैसा शिक्षणासाठी वापरा म्हणून. आज पुण्याची ती मंडई आणि मुंबईचा हा बाजार, दोन्ही त्यांच्या नावाने ओळखले जातात. नाव देणाऱ्यांच्या मनात काय होतं ते असो, पण कमानीवरच्या शेतकऱ्यांकडे बघताना हे नाव मला अगदी जागेवर बसलेलं वाटतं. शेतकऱ्याच्या हातून माल बाजारात कसा जातो आणि वाटेत कोण किती काढून घेतं, हे त्यांच्याइतकं पोटतिडकीने त्या शतकात फार थोड्यांनी मांडलं.

कोंडी

१९९६मध्ये फळांचा आणि भाजीचा घाऊक व्यापार नवी मुंबईत वाशीला गेला. ट्रकची गर्दी कमी झाली, आणि बाजाराचा कणाही. उरला किरकोळ व्यापार आणि थोडा ठरावीक माल. मग जमिनीची किंमत बोलू लागली. शहराच्या मध्यभागी एवढी जागा आणि त्यावर एकमजली शेड, हे दृश्य बऱ्याच जणांना सहन होत नाही. एका टप्प्यावर खासगी विकासकाकडून पुनर्विकासाची योजना पुढे आली आणि वारसाप्रेमींनी तिला विरोध केला. अखेर पालिकेने स्वतः टप्प्याटप्प्याने काम हाती घेतलं : मूळ दगडी इमारतीची दुरुस्ती आणि मागच्या भागात नवं बांधकाम. दगडी इमारत स्वच्छ झाली, हे मी मनापासून चांगलं मानते. काळवंडलेला वसईचा दगड पुन्हा लाल दिसला तेव्हा डोळे भरून आले होते.

पण माझी काळजी पाठीमागच्या बाजूची आहे. वारसा म्हणून ज्याची मोजदाद होते ते समोरचं. मागच्या शेड ‘नंतरची भर’ म्हणून किंवा ‘जीर्ण’ म्हणून कागदावर एका ओळीत संपतात. मूळ आराखड्यात मात्र पुढचा दिवाणखाना, दोन पाखं, बाग आणि मागच्या शेड मिळून एकच यंत्र होतं. हवा पुढून मागे जायची, माल मागून पुढे यायचा. मागे उंच इमारत उभी राहिली तर वारा अडेल, हे कुठल्याही पहिल्या वर्षाच्या मुलाला कळतं. आणि मजले वाढवले तर भाजीवाली वरच्या मजल्यावर जाईल का? भाजी घ्यायला जिना चढणारं गिऱ्हाईक मी अजून पाहिलेलं नाही. वरच्या गाळ्यांत कपडे येतील, मोबाइलची दुकानं येतील, आणि जमिनीवरच्या गाळ्यांचं भाडं भाजीला परवडेनासं होईल.

म्हणून आमच्या अभ्यासाच्या शेवटी मुलांनी ज्या मागण्या लिहिल्या त्या मला पटल्या. नाशवंत मालाचा गाळा जमिनीवरच राहावा आणि त्याचं भाडं मालाच्या जातीवरून ठरावं. छपराच्या माथ्याजवळच्या फटी बंद करू नयेत, पक्ष्यांचा त्रास होत असेल तर जाळी लावावी. पोटमाळ्यांच्या बदल्यात मागच्या नव्या इमारतीत प्रत्येक गाळेवाल्याला साठवणीची कपाटं द्यावीत, पाटीवाला पाच मिनिटांत जाऊन येईल एवढ्या अंतरावर. फुटलेल्या लाद्यांच्या जागी टाइल नको, जुन्या लाद्या काढून जिथे वर्दळ जास्त तिथे एकत्र बसवाव्यात. नव्या बांधकामाची उंची ठरवण्याआधी उदबत्तीचा खेळ एकदा नीट, यंत्रं लावून, करावा.

एक मोजमाप मात्र त्या वर्षी राहून गेलं. कारंज्याच्या कुंडाची खोली मोजायला दोन मुलं टेप घेऊन गेली होती. कुंडात हापूसच्या रिकाम्या पेट्या काठोकाठ रचलेल्या होत्या. मुलांनी आराखड्यात कुंडाच्या जागी पेट्याच काढल्या, एकेक फळीसकट.